दातात रक्त यायची वाट बघणारं क्लिनिक: कॉलेज रोडचा आमचा दोन वर्षांचा अनुभव

आधीच सांगते, लांबलचक लिहिलंय, चहा घेऊन बसा. मुलाच्या पुढच्या दाताची ट्रीटमेंट नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका लहान मुलांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये केली, त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि ऑफिसमध्ये, सोसायटीत, हळदीकुंकवाला इतक्या जणींना तोंडी सांगून झालंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, कारण त्यांच्याबद्दल तक्रारी पण आहेत आणि आधीच्या एका डॉक्टरबद्दलही बोलायचंय, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. ट्रीटमेंट समजून घ्या, मग कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

तर झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव सोसायटीत सायकलवरून तोंडावर आपटले. वय आठ, तिसरीत. वरचा पुढचा दात, कायमचा, येऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्याचा कोपरा उडाला आणि दात थोडा हलायला लागला. रक्त बरंच आलं, माझे हातपाय गळाले, नवऱ्याने गाडी काढली आणि घराजवळ जे क्लिनिक उघडं दिसलं तिथे गेलो. दिवाळीत उघडं होतं हेच खूप, त्यामुळे त्यांना फार बोलत नाही, पण एक्सरे काढला नाही. कोपरा त्या पांढऱ्या सिमेंटने छान भरून दिला, दिसायला अगदी पहिल्यासारखा, आणि "काही होत नाही, मुलं पडतातच" म्हणून घरी पाठवलं. आम्हीही विसरलो.

फेब्रुवारीत एका रविवारी त्याचे दात घासून देताना मला त्या दाताच्या वर, हिरडीवर, तांदळाच्या दाण्याएवढी पुळी दिसली. दुखत काही नव्हतं. दाबली तर पू. परत त्याच डॉक्टरांकडे. या वेळी एक्सरे काढला, स्क्रीन स्वतःकडेच वळवलेली, आणि दोन मिनिटांत निकाल, "नस मेलीये, उद्या आरसीटी (रूट कॅनाल) करू, मग कॅप." आठ वर्षांच्या पोराला कॅप! नवरा म्हणाला करून टाकू एकदाचं, मला मात्र काही पटेना. रात्री एक्सरेचा फोटो पुण्याच्या चुलत जाऊबाईंना पाठवला, त्या डेंटिस्ट आहेत. त्यांचा लगेच फोन, "अगं थांब, उद्या काही करू नका. याच्या मुळाचं टोक उघडं आहे, हे बघितलं का कोणी?" कोणी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल तर आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनीच मग कॉलेज रोडच्या या मॅडमचं नाव दिलं, दोघी कॉलेजात मागेपुढे होत्या.

आता क्लिनिकबद्दल. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण आम्ही सहा वेळा गेलो त्यात दोनदा बंद होती. पार्किंगचं विचारूच नका, कॉलेज रोडला संध्याकाळी गाडी लावायची म्हणजे दोन चकरा मारून शेवटी कॅनडा कॉर्नरकडे कुठेतरी लावायची आणि पोराला ओढत चालत यायचं. स्कूटीवर जा. वेळ सहाची दिली की सव्वासातला नंबर लागतो असं समजून चाला. वेटिंगमध्ये खेळणी आहेत, त्यातली निम्मी तुटलेली. भिंतीवर जिराफ. एसी इतका गार की पोरापेक्षा मलाच स्वेटर लागला. पण आत गेल्यावर मॅडमनी पहिली गोष्ट काय केली असेल तर स्क्रीन आमच्याकडे वळवली, आणि पुढची वीस मिनिटं घड्याळाकडे बघितलं नाही. सव्वा तासाचा उशीर का होतो ते तेव्हा कळलं, राग निम्मा गेला.

स्क्रीनवर त्यांनी आधी शेजारचा चांगला दात दाखवला. मुळाच्या भिंती जाडसर, टोक निमुळतं होत आलेलं. मग आमचा. भिंती पातळ, आणि टोक असं उघडं जसं नरसाळं उलटं धरलंय, भोवती काळपट डाग, म्हणजे इन्फेक्शनने हाड खाल्लेलं. मला आत्तापर्यंत वाटायचं की कायमचा दात बाहेर दिसला म्हणजे तयार झाला. तसं नसतं. दात हिरडीबाहेर आल्यावर मूळ पूर्ण व्हायला पुढे साधारण ३ वर्षं लागतात, वरचा पुढचा दात सात-आठाव्या वर्षी येतो आणि त्याचं मूळ दहाच्या आसपास बंद होतं. आणि हे बांधकाम करणारे गवंडी आतल्या मऊ गाभ्यात असतात, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो आणि डॉक्टर पल्प म्हणतात. नस एकटी नसतेच, तिच्याबरोबर रक्तवाहिन्या असतात, आणि खरा संसार त्यांच्यावर चालतो. गाभा मेला की मूळ जिथल्या तिथे थांबतं, आमच्याकडे ते अर्ध्या बांधकामावर थांबलं होतं.

मग गाभा मेला कशाने, तर त्याचं उत्तर ऐकून मला वाईटच वाटलं. हाताला लागलं तर रक्त यायला आजूबाजूने दहा वाटा असतात. दाताला चारी बाजूंनी टणक भिंत, रक्ताची वाट मुळाच्या टोकाची, दुसरी वाट म्हणण्यासारखी नाहीच. पडल्यावर दात हलला तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या गेल्या किंवा तुटल्या असणार. कधीकधी लहान मुलात त्या आपोआप परत जुळतात, कारण टोक रुंद असतं, म्हणून तर पडलेल्या दातावर काही महिने लक्ष ठेवायचं असतं, एक्सरे काढत राहायचं असतं. आमच्याकडे लक्ष कोणी ठेवलं नाही. यात आमचाही दोष आहे, नाही म्हणत नाही.

मॅडमनी तीन रस्ते सांगितले. पहिला जुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरत राहायचं, ६ ते १८ महिने, मग टोकाशी एक कडक पापुद्रा धरतो आणि नेहमीची आरसीटी होते, पण हे औषध महिनोनमहिने आत राहिलं की मूळ ठिसूळ होतं आणि पुढे मानेशी मोडू शकतं. दुसरा, एमटीए नावाच्या सिमेंटने टोकाशी बूच मारायचं. हे सिमेंट १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात लोमा लिंडा युनिव्हर्सिटीत तोराबिनेजाद यांनी आणलं, आता सगळीकडे वापरतात. एक-दोन सिटिंगमध्ये काम होतं, भरवशाचं आहे, पण भिंती आहेत तेवढ्याच पातळ राहणार, मूळ वाढणार नाही. आणि तिसरा, रिव्हॅस्क्युलरायझेशन. नाव ऐकून नवरा म्हणाला हे तर हार्टचं काहीतरी वाटतंय. अर्थ तोच, बंद पडलेल्या जागी परत रक्ताची वाट करायची. आत कुठलाही मसाला भरायचा नाही. आत साफ करायचं, मग मुळाच्या टोकाबाहेरून मुद्दाम रक्त आत आणायचं, त्याची गाठ धरू द्यायची, वरून सील करायचं आणि त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरायची वाट बघायची.

मॅडमनी हेही सांगितलं की गॅरंटी देत नाही, आणि नाही जमलं तर दुसरा रस्ता उघडाच आहे. "घरी जाऊन विचार करा" म्हणाल्या. ज्या डॉक्टरने विचार करायला घरी पाठवलं त्यांच्यावर माझा विश्वास बसला, आधीच्यांनी "उद्या" म्हटलं होतं.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही ही सवय. त्यामुळे दोन रात्री वाचत बसले. ही कल्पना नवी नाहीये, नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ मध्येच दाताच्या पोकळीत रक्ताची गाठ करून आत काय वाढतं ते बघितलं होतं. मग बरीच वर्षं शांतता. २००१ मध्ये जपानमधून इवाया आणि सहकाऱ्यांनी पू झालेल्या, मूळ अर्धवट असलेल्या एका दातात हे जमल्याची केस छापली, २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी पद्धत नीट लिहून दिली, आणि तिथून जगभर डेंटिस्ट करायला लागले. म्हणजे तसं बघितलं तर आमच्या लग्नाच्या आसपासची ट्रीटमेंट आहे.

पण मला खरं गंमत वाटली ती रक्तवाहिन्यांच्या भागाची. नवी रक्तवाहिनी कशी फुटते? तर जुन्या रक्तवाहिनीलाच फुटवा येतो. आसपासच्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की त्या एक प्रोटीन सोडतात, व्हीईजीएफ, ते शेजारच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचलं की तिला धुमारा फुटतो आणि तो जिथून हाक आली तिकडे सरकतो. १९७१ मध्ये जुडाह फोकमन या अमेरिकन सर्जनने मांडलं होतं की कॅन्सरची गाठ स्वतःकडे अशा नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढूच शकत नाही. १९८९ मध्ये फेरारा यांच्या टीमने ते प्रोटीन वेगळं काढून दाखवलं, आणि पुढे त्याला अडवणारी औषधं आली. इथे मी वाचता वाचता थांबले, कारण त्यातलंच एक इंजेक्शन माझ्या आईच्या डोळ्यात देतात! आई पंचवटीत राहते, शुगर जुनी, डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गळतात, त्या थांबवायला डोळ्यात इंजेक्शन. म्हणजे एकाच घरात आजीच्या डोळ्यात जे येऊ नये म्हणून आम्ही रांगा लावतोय तेच नातवाच्या दातात यावं म्हणून पैसे मोजतोय. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझंच काढून त्याला द्या की."

आणि घाई का करता येत नाही तेही यातच आहे. पेशीला रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या आत राहावं लागतं, म्हणजे केसाची जाडी एक-दोन वेळा मोजली तेवढं, त्याच्यापलीकडे ऑक्सिजन पोचत नाही. आणि दाताचं मूळ सेंटिमीटरभर लांब. आत कितीही भारी औषध, स्टेम सेल (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या मूळ पेशी), काहीही टाका, रक्ताची वाट टोकापासून वर सरकत आली नाही तर आत टाकलेलं सगळं उपाशी मरणार. लोक मला विचारतात की मग नक्की काय भरलं दातात, तर काही नाही, वाट मोकळी करून दिली.

पहिली सिटिंग मार्चच्या मध्यात. दातावर रबराचा पडदा लावला, रबर डॅम म्हणतात, त्यातून फक्त तो एक दात बाहेर. चिरंजीव म्हणाले माझ्या दाताला रेनकोट घातला. (तुमचा डॉक्टर रबर डॅम लावत नसेल तर का नाही ते विचारा, संकोच करू नका.) आत नेहमीसारखं खरवडून काढायचं नाही, भिंती आधीच पातळ. फक्त हायपोने, म्हणजे ब्लीचसारख्या जंतुनाशकाने, हळूहळू धुवायचं, खोलीभर स्विमिंग पूलसारखा वास. मी विचारलं हायपो किती टक्के, मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या दीड. जास्त कडक वापरलं तर जंतू मरतील पण टोकाशी ज्या स्टेम सेल आहेत त्याही मरतील, आणि पुढे तर त्यांचंच काम. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून तीन आठवडे बंद. इथे मी जाऊबाईंचा प्रश्न विचारला, तीन अँटिबायोटिकची पेस्ट का नाही? तर त्या पेस्टमधल्या मिनोसायक्लिनने दात काळा पडतो म्हणून. तीन आठवडे हे औषध महिनोनमहिन्यांसारखं त्रास देत नाही असंही म्हणाल्या. पंधरा दिवसात पुळी बसली.

दुसऱ्या सिटिंगला सासरे आले, आम्ही अण्णा म्हणतो. निफाडकडे द्राक्षबाग. माल नुकताच गेला होता, एप्रिलच्या खरड छाटणीला आठवडा होता, म्हणाले नातवाचं रक्त काढणारेत म्हणता तर मी असायला पाहिजे. आम्हाला वाटलं बाहेर बसतील. बसले नाहीत, खुर्चीच्या मागे उभे, टोपी हातात.

या सिटिंगची एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, तुम्ही लक्षात ठेवा. दाताला भूल देतात त्या इंजेक्शनमध्ये सहसा अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, भूल जास्त वेळ टिकते. इथे नेमकं रक्त पाहिजे, म्हणून भूल बिनअ‍ॅड्रिनलिनची द्यावी लागते. असिस्टंटने बाटली दिली तर मॅडमनी लेबल वाचलं, परत केली, "प्लेन दे" म्हणाल्या. त्या एका सेकंदासाठी मी त्यांना स्टार द्यायला तयार आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की प्लेन भूल लवकर उतरते, शेवटी शेवटी पोराला टोचलं आणि तो रडला. हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं, आम्ही त्याला "अजिबात दुखणार नाही" असं बोलून बसलो होतो, गाडीत त्याने मला खोटारडी म्हणून घेतलं.

मग ईडीटीए नावाच्या द्रावणाने धुतलं, १७ टक्के. मला वाटलं हा नुसता शेवटचा वॉश. तर नाही. दाताच्या भिंतीतच, म्हणजे डेंटिनमध्ये, मूळ बनत असताना व्हीईजीएफ आणि तसले वाढीचे घटक अडकून पडलेले असतात, जसं सिमेंट ओलं असताना पान पडलं की त्यातच राहतं. ईडीटीए वरचा कॅल्शियम विरघळवतं आणि ते घटक मोकळे होतात. रक्तवाहिन्यांना बोलवायचं प्रोटीन बाहेरून विकत आणायचंच नाही, ते भिंतीतच साठवलेलं. हे वाचून मला दाताबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

मग कागदाच्या बारीक काड्यांनी आत कोरडं केलं आणि मॅडमनी एक बारीक फाईल, म्हणजे सुईसारखी कानस, मुळाच्या टोकाच्या दोनेक मिलिमीटर पुढे नेली. रक्त यायला पाहिजे. आलं नाही. कागदाच्या काडीच्या टोकाला नुसता लाल ठिपका. खोलीत सगळे गप्प. नेहमी डेंटिस्टकडे रक्त आलं की कापूस दाबा, इथे पाच माणसं रक्त येईना म्हणून टेन्शनमध्ये. मॅडमनी परत ईडीटीएने धुतलं, दोन मिनिटं थांबल्या, परत फाईल. म्हणाल्या नाहीच आलं तर हातातून थोडं रक्त घेऊन मशीनवर फिरवून पीआरएफ करू, त्या जेलमध्येही वाढीचे घटक असतात, फ्रान्समध्ये शुक्रून यांनी २००१ मध्ये काढलेली पद्धत. मशीन कोपऱ्यात तयार होतं. हातातून रक्त हे शब्द ऐकताच चिरंजीवांनी डोळे गच्च मिटले.

आणि मग आलं. गडद लाल, हळूहळू वर चढत दाताच्या मानेपर्यंत. असिस्टंट मुलगी "आलं आलं" म्हणून जवळजवळ ओरडलीच. पंधरा मिनिटं त्याची गाठ व्हायला थांबलो, कोणी काही करायचं नाही. त्या रक्ताबरोबर टोकापाशी दबा धरून बसलेल्या स्टेम सेल आत येतात, हे २०११ मध्ये माणसांच्या दातांवर मोजून दाखवलंय, शेकडो पटीने वाढ. त्या पेशी आत येतात आणि त्यांच्या मागोमाग रक्तवाहिनीने यायचं.

त्या पंधरा मिनिटांत अण्णा पहिल्यांदा बोलले. "ताई, म्हंजे पांढरी मुळी सुटली पाहिजे, असंच ना?" मॅडम मूळच्या मुंबईच्या, त्यांना पांढरी मुळी म्हणजे काय ते माहीत नाही. झालं! अण्णांनी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं, छाटणी झाली की वर फूट दिसते पण वेलीचं खरं चालू होतं ते खाली ठिबकच्या नळीजवळ पांढरी कोवळी मुळी चालायला लागल्यावर, जुनी तपकिरी मुळं वेल धरून ठेवतात, खाणंपिणं पांढरीच करते, ती नसली तर वरून कितीही खत द्या, पानं पिवळीच. डॉगरीजच्या खुंटावर कलम केलं तरी तेच, काडीला खालचा रस पोचला तर ती जगली, नाहीतर बांधलेली पट्टी तेवढी राहते. "तुम्ही पण टोकाशी जागा भुसभुशीत केली, पाणी सोडलं, आता मुळी येईल तवा खरं." मॅडम ऐकत राहिल्या, बाहेर पुढचा पेशंट खोळंबलेला. मी दोन रात्री वाचून जे समजले ते अण्णांना बांधावर उभं राहून आधीच माहीत होतं.

मग वर कोलॅजनचा तुकडा, त्यावर पांढरं एमटीए, त्यावर पक्कं फिलिंग. घरी.

बिलाची तक्रार मात्र करणार. सुरुवातीला सात हजार सांगितले, शेवटी साडेनऊ झाले, कारण एमटीएचे वेगळे, एक्सरेचे वेगळे, वरच्या फिलिंगचे वेगळे. पैसे जास्त वाटले असं नाही, आधी कागदावर लिहून दिले असते तर बरं झालं असतं. ज्यांना जड जाईल त्यांनी पंचवटीतल्या डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करा, कॉलेजात खर्च कमी पडतो, वेळ जास्त जातो. आणि दुसरी तक्रार, फॉलोअपचा फोन त्यांच्याकडून कधीच आला नाही. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशा तारखा याच्यात महत्त्वाच्या, रक्तवाहिन्या आल्या की नाही ते डोळ्यांनी दिसत नाही, हाड भरतंय का आणि मूळ वाढतंय का यावरूनच ओळखायचं. ते सोडून रिसेप्शनिस्ट आम्हाला दात क्लीनिंगच्या ऑफरचे मेसेज पाठवत बसली. सहा महिन्यांची तारीख मला लक्षात राहिली ती ऑक्टोबरच्या गोडी छाटणीमुळे, अण्णांनी आठवण केली.

सहा महिन्यांनी काळा डाग जवळजवळ गेलेला. एका वर्षाने मॅडमनी दोन्ही एक्सरे शेजारी शेजारी लावले, मला अनुभव नाही तरी दिसत होतं, भिंती जाड झाल्यात, नरसाळं आवळलं गेलंय. मग गार लागतं का ते बघायला गार केलेला कापसाचा बोळा. पहिल्यांदा त्याने बोळा टेकायच्या आधीच हात वर केला, मॅडम हसून म्हणाल्या हा धरत नाही. दुसऱ्यांदा डोळे मिटायला लावले, टेकवलं, थोडा वेळ काही नाही, मग हात. परत एकदा रिकामा बोळा टेकवून बघितला, हात नाही. तेव्हा मॅडमनी फाईलवर काहीतरी लिहिलं.

दाताच्या मानेशी किंचित करडी छटा आलीये, एमटीए आणि रक्त एकत्र आलं की असं होऊ शकतं, हे मात्र त्यांनी आधी सांगितलं होतं. फोटोत दिसत नाही, मला दिसते. मोठा झाल्यावर आतून ब्लीच करता येईल म्हणतात.

आणि एक खरं सांगून टाकते, कारण अशा ट्रीटमेंटला रिजनरेटिव्ह, म्हणजे परत वाढवणारी, म्हणतात, तो शब्द मोठा आहे आणि पॅम्फ्लेटवर अजून मोठा छापतात. आत जे वाढलंय तो मूळचा पल्प आहे असं समजू नका. असे दात पुढे कुठल्या कारणाने काढावे लागले आणि मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा आत बहुतेक ठिकाणी सिमेंटमसारखं (मुळावरचं बाहेरचं आवरण), हाडासारखं टिशू दिसलं, रक्तवाहिन्या होत्या, पण दात बनवणाऱ्या पेशींची ती नीट रांग नव्हती. म्हणजे डागडुजी झालीये, जुना वाडा परत उभा राहिला नाही. कधी कधी आतली वाट हळूहळू चुन्याने भरूनही जाते. मॅडमनी हे आम्ही न विचारता सांगितलं. खराखुरा पल्प वाढवायचे प्रयोग चालू आहेत, २०१८ मध्ये चीनमध्ये मुलांच्या स्वतःच्याच दुधाच्या दातातल्या स्टेम सेल वाढवून मार लागलेल्या पुढच्या दातात घातल्या तर आत रक्तवाहिन्या आणि संवेदना परत आल्याचं दिसलं, पण ती लॅबची कामं, कॉलेज रोडला मिळत नाहीत. ते वाचून मी लगेच दुधाचे दात साठवणाऱ्या बँकेची माहिती काढली, मॅडम म्हणाल्या या ट्रीटमेंटला त्याची काही गरज नाही, पैसे सायकलच्या हेल्मेटला घाला. घातले.

मोठ्यांनी विचारू नका की मलाही करता येईल का. माझ्या दिरांनी विचारलं, वय बेचाळीस आणि तोंडात तंबाखू. मोठ्या माणसाच्या मुळाचं टोक बंद झालेलं असतं, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं भोक, त्यातून रक्तवाहिनी येणार कशी, लहान मुलात टोक मिलिमीटरभर तरी उघडं असतं म्हणून जमतं. मोठ्यांवर काही ठिकाणी करून बघतायत, पण नेहमीचा इलाज अजून आरसीटीच. आणि तंबाखूने आहेत त्या रक्तवाहिन्या आकसतात, नव्या कुठून मागायच्या.

मार्क द्यायचे तर डॉक्टरला पाच, क्लिनिकला तीन. मुलगा किंवा मुलगी पडली, पुढचा दात कायमचा असेल तर त्याच दिवशी एक्सरे काढून घ्या, मुळाचं टोक उघडं आहे का बंद हे तोंडाने विचारा, आणि दात अख्खा निघून हातात आला तर मुळाला हात न लावता दुधात घालून अर्ध्या तासात पळा.

दोन वर्षांच्या एक्सरेसाठी काल मीच फोन केला. शनिवारी सहाची वेळ दिलीये, म्हणजे सव्वासात. अण्णा पण येतो म्हणालेत, वर्षाच्या एक्सरेची प्रिंट त्यांनी फवारणीच्या डायरीत ठेवलीये, म्हणे नवीन आली की शेजारी लावून बघायचीये.